कायरोप्रॅक्टिकमधून स्पोर्ट्स इंज्युरीच्या कामाकडे कसं वळायचं: माझा रस्ता आणि त्यातून काढलेला गाईड

कायरोप्रॅक्टिकचं, म्हणजे मणका आणि सांध्यांवर हाताने उपचार करायचं शिक्षण झालंय किंवा संपत आलंय आणि आता खेळाडूंच्या दुखापतींवर काम करायचंय असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी याच वाटेने आलो. सुरुवातीची बरीच वर्षं माझ्याकडे यायचे ते दिवसभर खुर्चीत बसून मान आणि कंबर आखडलेले लोक, आणि ते काम मला आवडायचं, आजही आवडतं. मग एका रनिंग ग्रुपमधला एक जण आला, त्याने दुसऱ्याला पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि हळूहळू लक्षात आलं की ही माणसं वेगळाच प्रश्न विचारतात. खुर्चीवाले विचारतात दुखणं कधी थांबेल, हे विचारतात रविवारी पळू का.

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येणं म्हणजेच हे सगळं काम आहे असं माझं मत झालंय. कारण त्यासाठी काय फाटलंय किंवा काय सुजलंय हे कळावं लागतं, ते भरून यायला किती वेळ लागतो ते माहीत लागतं, त्या खेळात शरीरावर नेमका ताण कुठे येतो ते माहीत लागतं आणि या माणसाने गेल्या महिनाभरात किती मेहनत अंगावर घेतलीय हेही विचारावं लागतं. आपलं अ‍ॅडजस्टमेंट (हाताने सांध्याला दिलेला नेमका झटका) त्या उत्तराचा एक तुकडा आहे, कामाचा तुकडा आहे, पण तुकडाच.

पाया आणि कागदपत्रं

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तास सांगितलेत आणि त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंट बघण्याचे. हे आधी सांगतोय कारण वीकेंडचे दोन-चार कोर्स करून थेट टीमच्या ड्रेसिंग रूममध्ये जायचं असं बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, आणि दुखापतीच्या बाबतीत कच्चा पाया मैदानावर लगेच उघडा पडतो.

पाया पक्का असेल तर पुढचं स्पेशलायझेशन. आंतरराष्ट्रीय पातळीवर एफआयसीएस ही स्पोर्ट्स कायरोप्रॅक्टिकची संघटना आहे, १९८७ मध्ये स्थापन झालेली, तिचं आयसीएससी नावाचं सर्टिफिकेट आहे, थोडं ऑनलाइन आणि थोडं प्रत्यक्ष हाताने करून शिकायचं. अमेरिकेत सीसीएसपी हे स्पोर्ट्स कायरोप्रॅक्टिकचं सर्टिफिकेट आणि त्याच्या वरची डीएसीबीएसपी ही डिप्लोमेट पात्रता आहे. कॅनडात त्यांचं स्वतःचं रॉयल कॉलेज आहे स्पोर्ट्स सायन्सचं. कोणता कोर्स घ्यायचा ते तुम्ही कुठे काम करणार त्यावर ठरवा, पण कोर्समध्ये इमर्जन्सी, कन्कशन (हिसक्याने मेंदूला झालेली इजा) आणि रिहॅब (व्यायामाने परत खेळण्याजोगं करणं) हे तिन्ही आहेत की नाही ते बघा, नुसती टेक्निक शिकवणारा कोर्स असेल तर तो नंतर कधीतरी करता येईल.

आपल्या आधीच्यांना मैदानात जागा मिळायला किती काळ लागला तेही माहीत असू द्या. कायरोप्रॅक्टिकचे जनक डी. डी. पामर यांनी पहिलं अ‍ॅडजस्टमेंट केलं १८९५ मध्ये. ऑलिम्पिकच्या ठिकाणी कायरोप्रॅक्टर दिसायला १९७६ उजाडलं, माँट्रियलला लीरॉय पेरी अँटिग्वाच्या टीमसोबत होते. १९८० ला लेक प्लॅसिडमध्ये जॉर्ज गुडहार्ट अमेरिकेच्या टीममध्ये अधिकृतपणे होते. आणि आयोजकांच्या स्वतःच्या पॉलिक्लिनिकमध्ये, डॉक्टर आणि फिजिओंच्या शेजारी, कायरोप्रॅक्टर बसले ते २०१० च्या व्हँकुव्हरला. इतकी दशकं लागली ती विश्वास कमवायला, तो विश्वास प्रत्येक मैदानावर आपल्याला परत पहिल्यापासून कमवावा लागतो.

कायद्याचं म्हणाल तर देशागणिक फरक आहे. कुठे लायसन्स आहे आणि पेशंट थेट येऊ शकतो, कुठे या व्यवसायासाठी वेगळा कायदाच नाही. त्यामुळे मैदानावर तुम्ही काय करू शकता, खेळाडूला "खेळ" असं लेखी देण्याचा अधिकार तुम्हाला आहे का, तुमचा इन्शुरन्स क्लिनिकच्या बाहेर चालतो का आणि टीमसोबत दुसऱ्या राज्यात किंवा देशात गेलात तर काय, हे चारही प्रश्न लेखी विचारून उत्तरं लेखी घ्या. कंटाळवाणं काम आहे, एकदाच करायचंय.

क्लिनिकमधून उठा आणि मैदानावर जाऊन उभे राहा

मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते नुसतं प्रॅक्टिस बघून. हातात टेबल नाही, काही नाही, कोचची परवानगी घेऊन बाजूला उभं राहायचं आणि बघायचं. एखाद्या छोट्या क्लबकडे, शाळेच्या टीमकडे किंवा रनिंग ग्रुपकडे जा, सांगा की मला तुमचा खेळ समजून घ्यायचाय, शक्यतो तिथे आधीपासून कोणी फिजिओ किंवा डॉक्टर असेल तर त्यांच्या हाताखाली उभे राहा. पहिल्या दिवशी कोणाला हात लावायची घाई करू नका.

बघायचं काय? स्प्रिंटरचं बघा, हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) बहुतेक वेळा कधी जातं तर पाय पुढे फेकलेला असतो आणि आता जमिनीवर टेकणार त्याच्या अगदी आधी, म्हणजे स्नायू लांबलेला असतो आणि त्याच वेळी ब्रेक लावत असतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मग कळतं की अशा माणसाला टेबलवर झोपवून नुसतं स्ट्रेचिंग देऊन भागणार नाही, लांबलेल्या अवस्थेत ताकद लागणार, म्हणून नॉर्डिक हॅमस्ट्रिंगसारखे व्यायाम, म्हणजे घोटे धरून ठेवून गुडघ्यांवरून शरीर सावकाश पुढे सोडायचं. स्विमरचा खांदा बघा, एका प्रॅक्टिसमध्ये हात किती वेळा डोक्यावरून फिरतो ते जरा मोजून बघा. व्हॉलीबॉलवाल्याचा गुडघा उडी मारताना आणि उतरताना दोन्ही वेळा बघा.

आणि फास्ट बोलर. इथे जरा थांबतो, कारण हा पेशंट आपल्याकडेच येतो, कंबर दुखते म्हणून. माझ्याकडे असाच एक वाढत्या वयातला मुलगा आला होता, उजव्या हाताने बोलिंग टाकणारा, घरचे म्हणाले कंबर जरा मोकळी करून द्या, परवा मॅच आहे. दुखत होतं डाव्या बाजूला, एकाच जागी, बोटाने दाखवता येईल इतकं नेमकं, आणि मागे वाकलं की वाढायचं. बोलिंग टाकताना कंबर मागे वाकते, बाजूला झुकते आणि वळते, हे सगळं एकदम, पुढचा पाय आपटतो तेव्हा, आणि त्याचा मार बसतो मणक्याच्या मागच्या हाडाच्या एका पातळ भागावर ज्याला पार्स म्हणतात, बहुतेक वेळा कमरेच्या (लंबर) पाचव्या मणक्यात आणि बोलिंगच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. तिथे स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला चीर जाते. अशा वेळी त्या जागी झटका द्यायचा नाही, बोलिंग बंद करायची आणि एमआरआयसाठी पाठवायचं. साधा एक्सरे नॉर्मल आला म्हणून खूश होऊ नका, सुरुवातीचं स्ट्रेस इंज्युरीचं त्यात दिसत नाही. त्या मुलाला मी पाठवलं, निघालं तेच, काही महिने बोलिंग बंद राहिली, बॅटिंगही हळूहळूच सुरू झाली, पण हाड भरून आलं. घरचे त्या दिवशी नाराज होऊन गेले होते आणि ते मला समजू शकत होतं, पण मी मॅचच्या तारखेकडे बघून निर्णय घेतला असता तर त्या पोराचं नुकसान झालं असतं.

मैदानावरच्या इमर्जन्सी, हे आधी शिका

सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) यांचं ट्रेनिंग ताजं हवं. एखादा खेळाडू कोणाशी न धडकता अचानक कोसळला आणि प्रतिसाद देत नाही तर ते हृदयाचं समजूनच चालायचं, अंग झटके देतंय म्हणून फिट आलीय असं धरून वेळ घालवायचा नाही, हृदय थांबल्यावरही सुरुवातीला तसं होऊ शकतं.

उन्हातल्या खेळात हीट स्ट्रोक. शरीराच्या आतलं तापमान ४० डिग्रीच्या वर आणि माणूस बरळतोय, चिडतोय, तोल जातोय, असं असेल तर आधी थंड करायचं आणि मग न्यायचं. शक्य असेल तर बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत, नसेल तर ओले टॉवेल, पाणी, पंखा, जे असेल ते. अँब्युलन्सला फोन लगेच करायचा पण ती येईपर्यंत गार करणं चालू ठेवायचं, पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आलं तर जीव वाचतो.

मानेला मार लागलाय, मधोमध मणक्यावर दुखतंय, हातापायाला मुंग्या आहेत किंवा बळ नाही, तर हलवायचं नाही, डोकं धरून ठेवायचं आणि मदत बोलवायची. मैदानावर पडलेल्या खेळाडूची मान मॅनिप्युलेट करायची नाही. यात जर-तर नाही.

कन्कशनवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय आणि तुम्हीही घालवा, कारण ते दिसत नाही आणि खेळाडू लपवतात. डोकं थेट आपटलंच पाहिजे असंही नाही, अंगाला बसलेला हिसका डोक्यापर्यंत पोचला तरी होऊ शकतं, आणि शुद्ध हरपलीच पाहिजे असंही नाही, बहुतेकांची हरपत नाही. बाजूला घेऊन शांतपणे विचारायचं: आत्ता आपण कुठल्या मैदानावर आहोत, कुठला हाफ चालू आहे, शेवटचा गोल कोणी केला, मागची मॅच कोणाशी होती, जिंकलो का. आजची तारीख किंवा वार विचारून उपयोग कमी, कन्कशन झालेल्यालाही ते बऱ्याचदा सांगता येतं, गोल कोणी केला तिथे तो अडखळतो. पण एक लक्षात ठेवा, पाचही उत्तरं बरोबर आली म्हणून कन्कशन नाही असं होत नाही, डोकं दुखतंय, गरगरतंय, उजेड सहन होत नाही, "जरा धूसर वाटतंय" म्हणतोय, तर शंका आली एवढं पुरे. शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. १३ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी स्कॅट६ हा सविस्तर फॉर्म आहे, नीट करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, त्याचा सराव सीझनच्या आधी करून ठेवा. ज्यांना वैद्यकीय ट्रेनिंग नाही अशा कोच आणि पालकांसाठी सीआरटी६ नावाचं छोटं कार्ड आहे, ते छापून वाटा.

वारंवार उलटी, फिट येणं, डोकेदुखी वाढत जाणं, मानेत दुखणं, एकाचे दोन दिसणं, झोपाळू होत जाणं, हातापायात कमजोरी, यातलं काहीही असेल तर तडक हॉस्पिटल. बाकीच्यांना पहिले २४ ते ४८ तास बेताचा आराम, म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडून घेणं नाही, हलकं चालणं चालतं, स्क्रीन कमी. मग ६ टप्प्यांमध्ये परत खेळाकडे, प्रत्येक टप्प्याला कमीत कमी २४ तास, आणि धडकाधडकीच्या प्रॅक्टिसला जायच्या आधी डॉक्टरची परवानगी. मागच्या काही वर्षांतलं एकमत आम्स्टरडॅमच्या २०२२ च्या परिषदेतून आलंय, २०२३ मध्ये छापून आलं, ते मूळातून वाचा.

घोटा मुरगळला, आता काय

सगळ्यात जास्त बघाल ते हेच, म्हणून हात कुठे कुठे ठेवायचा ते सांगतो. खेळाडूला बसवा, बूट-मोजा काढा, दुसरा पाय शेजारी ठेवा तुलनेला. लगेच सुजलेल्या जागेवर बोट टेकवू नका, आधी वर गुडघ्याच्या बाहेरच्या हाडापासून खाली यायला लागा, कारण घोट्याच्या काही दुखापतींमध्ये ते हाड वर मोडलेलं असतं आणि कोणी बघत नाही. मग घोट्याच्या बाहेरच्या हाडाची मागची कड, खालून वर ६ सेंटीमीटरपर्यंत, आणि त्याचं टोक, अंगठ्याने सावकाश दाबत जा. तसंच आतल्या बाजूच्या हाडाचं. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेत मागे येत जा, पाचव्या मेटाटार्सलचा (करंगळीमागच्या लांब हाडाचा) जो उंचवटा लागतो तो. मग आतल्या कमानीच्या वर नॅविक्युलर हे हाड. यापैकी कुठे हाडावरच दुखलं, किंवा दुखापत झाल्या झाल्या आणि आत्ता तुमच्यासमोर अशा दोन्ही वेळा ४ पावलंसुद्धा टाकता येत नसतील, लंगडत का होईना, तर एक्सरे. हे ओटावा रूल्स, १९९२ मध्ये कॅनडातून आलेले, फ्रॅक्चर सहसा सुटत नाही यातून. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये मात्र ग्रोथ प्लेटचा (हाड जिथून वाढतं त्या जागेचा) विचार डोक्यात ठेवून एक्सरेचा उंबरठा जरा खालीच ठेवा.

हाड ठीक वाटलं तर पोटरी मध्यावर दोन्ही हातांनी दाबा, दुखणं खाली घोट्याच्या वर उमटलं तर दोन हाडांना बांधणारा वरचा लिगामेंट गेला असण्याची शक्यता आहे आणि तो साध्या मुरगळण्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतो, त्याला "दोन आठवड्यांत ठीक" असं सांगू नका. टाचेच्या मागे कोणीतरी लाथ मारली असं वाटलं आणि मागे बघितलं तर कोणी नव्हतं, असं सांगणारा आला तर त्याला पालथं झोपवा, पोटरी दाबा, पाऊल खाली हललं नाही तर अकिलीस (टाचेच्या मागचा टेंडन) तुटलाय, त्याच दिवशी ऑर्थोपेडिककडे.

बर्फाबद्दल सगळे विचारतात. विश्रांती, बर्फ, दाब, पाय वर हा राइसचा फॉर्म्युला गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये दिला, आणि २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की पूर्ण विश्रांती आणि बर्फ यामुळे भरून येणं लांबू शकतं. २०१९ पासून पीस अँड लव्ह ही मांडणी आहे, त्याचा सार असा की पहिले एक ते तीन दिवस जपायचं, पाय वर, दाबाचं बँडेज, सूज कमी करायच्या गोळ्यांची घाई नाही, माणसाला नीट समजावून सांगायचं, आणि मग सोसेल तसं वजन टाकायला, हलायला, रक्त खेळतं राहील असं काहीतरी करायला लावायचं. दुखणं कमी करायला थोडा वेळ बर्फ लावला तर मी अडवत नाही, पण बर्फ म्हणजे उपचार झाला असं कोणाला वाटू देत नाही. आपलं हाताचं काम इथे आहे, काही दिवसांनी घोटा वर वाकायला अडतो तेव्हा सांध्याचं मोबिलायझेशन (हाताने सावकाश हलवून मोकळं करणं) छान मदत करतं, आणि लगेच त्यामागे एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं, मग उडी, मग दिशा बदलणं.

अ‍ॅडजस्टमेंट कुठे बसतं

मला माझ्या हातांच्या कामावर विश्वास आहे आणि म्हणूनच मी त्याच्याबद्दल जपून बोलतो. सांध्याला दिलेल्या झटक्याने दुखणं कमी होतं, हालचाल काही काळ मोकळी होते, आणि त्या मोकळ्या वेळात व्यायाम करून घेतला तर फायदा टिकतो. आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा नसतो, २०१५ मध्ये एमआरआय चालू असतानाच बोटं मोडून बघितली तेव्हा सांध्यात वायूची पोकळी तयार होताना दिसली. त्यामुळे खेळाडूला "तुझा मणका सरकलाय, मी बसवला" असं सांगू नका, त्याला स्वतःचं शरीर नाजूक वाटायला लागतं, आणि मॅचच्या आधी मणका बसवून घेतल्याशिवाय उतरायची भीती वाटायला लागते, हे मी इतर ठिकाणांहून आलेल्या खेळाडूंमध्ये पाहिलंय.

मानेचं करण्याआधी विचारा, ही डोकेदुखी किंवा मानदुखी नवीन आहे का, अचानक आली का, आधी कधी अशी नव्हती का. गरगरणं, दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, चेहऱ्यावर बधिरपणा, असं काही असेल तर मानेच्या रक्तवाहिनीला चीर गेलेली असू शकते, हात लावायचा नाही, इमर्जन्सीला पाठवायचं. संमती प्रत्येक वेळी घ्या, ओळखीचा खेळाडू असला तरी. आणि स्पर्धेच्या दिवशी नवीन काही करायचं नाही, त्याच्या अंगाला जे माहीत आहे तेच.

टेपिंग शिकायचं तर शिका, रंगीत पट्ट्यांची ती टेप आपल्याच व्यवसायातल्या केन्झो कासे यांनी जपानमध्ये १९७० च्या दशकात आणली. पुराव्याच्या दृष्टीने तिचा परिणाम माफक आहे, घोट्याला घट्ट कडक टेप किंवा ब्रेस हा जास्त उपयोगाचा.

लोड आणि रिहॅब, खरं काम इथे

मी ज्या खेळाडूंना वारंवार बघतो त्यातल्या बहुतेकांचं दुखणं धडकेचं नसतं, अंगाला सवय नसताना एकदम वाढवलेल्या मेहनतीचं असतं. सुट्टीवरून आला आणि पहिल्याच आठवड्यात दुप्पट पळाला, नवीन कोच आला आणि रोज उड्या सुरू झाल्या, असं. म्हणून प्रत्येकाला विचारा आणि लिहून ठेवायला लावा: प्रॅक्टिस किती मिनिटं, आणि ० ते १० मध्ये किती जड वाटली. दोन्हीचा गुणाकार. ६० मिनिटं आणि ५ म्हणजे ३००. संपल्यावर अर्ध्या तासाने विचारलं तर उत्तर खरं येतं, शेवटच्या स्प्रिंटचा दम उतरलेला असतो. आठवड्याची बेरीज करा, उडी कुठे आहे ते लगेच डोळ्यात भरतं, कोचला दाखवायलाही हा कागद फार कामाचा.

व्यायामाचा डोस औषधासारखा नेमका द्यायला शिका. अकिलीस टेंडनचंच घ्या, स्वीडनच्या अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये जो प्रोग्राम मांडला तो असा, पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, १५ च्या ३ फेऱ्या गुडघा सरळ ठेवून आणि तेवढ्याच वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे, आणि थोडं दुखलं तरी चालेल असं सांगून. नंतर जड वजनाने सावकाश, आठवड्यातून तीनदा करायचा प्रोग्रामही तितकाच चालतो असं दिसलं, बिझी माणसाला मी तो देतो कारण तो त्याच्याकडून होतो. "थोडे टाचांचे व्यायाम करा" असं मोघम सांगून पाठवलं तर तो तीन दिवस करतो आणि सोडतो.

परत कधी खेळायचं याची तारीख सांगण्यापेक्षा परीक्षा सांगा. हॅमस्ट्रिंगला दाबून दुखत नाही, दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी, पूर्ण वेगाने पळून, अचानक थांबून, दिशा बदलून बघितलं आणि मनात धाकधूक नाही, मग टीमबरोबर प्रॅक्टिस, मग मॅच. गुडघ्याच्या एसीएलच्या (आतल्या एका मुख्य लिगामेंटच्या) ऑपरेशननंतर मात्र परीक्षा आणि कॅलेंडर दोन्ही, ९ महिन्यांच्या आत परत उतरणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, खेळाडू कितीही तयार दिसत असला तरी. आणि फुटबॉलच्या टीमसोबत असाल तर फिफा ११+ हा वॉर्मअप कोचकडून सुरू करून घ्या, २० मिनिटांचा आहे, चेंडू सोडून काही लागत नाही.

कोणाकडे पाठवायचं, कोणाशी काय बोलायचं

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, कारण नसताना वजन घटणं, ताप, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आणि लघवीवर ताबा नसणं, असं असेल तर डॉक्टरकडे पाठवायचं हे तर आपण शिकलेलो असतोच. खेळाडूंमध्ये अजून एक बघा. पळणाऱ्या मुलीची पाळी थांबलीय, सारखी थकलेली असते, आणि आता नडगी किंवा जांघ दुखते, तर खाणं कमी पडतंय का हे विचारायलाच हवं. २०१४ पासून आयओसी (आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती) याला, म्हणजे मेहनतीच्या मानाने ऊर्जा कमी पडण्याला, रेड-एस म्हणते, मुलांमध्येही होतं. जांघेतल्या दुखण्यामागे खुब्याच्या हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर असेल आणि ती पळत राहिली तर हाड पूर्ण मोडू शकतं. ताबडतोब पळणं बंद आणि डॉक्टर. हा विषय नाजूक आहे, वजनाबद्दल एक शब्द न बोलता, बंद दाराआड, आदराने विचारा.

टीममध्ये तुमच्या आधी फिजिओ असेल, स्ट्रेंथ कोच असेल, डॉक्टर असेल. पहिल्या भेटीतच जाऊन विचारा की तुमची पद्धत काय, मी कुठे मदत करू, नोट्स कुठे लिहू. मी पाठवलेल्या प्रत्येक पेशंटसोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी देतो, काय सापडलं, काय केलं, काय शंका आहे. डॉक्टर ती वाचतात आणि पुढच्या वेळी ते आपल्याकडे पाठवतात, माझं निम्मं काम अशाच चिठ्ठ्यांमधून उभं राहिलं.

कोचला काय सांगायचं हे खेळाडूला आधी विचारा. "खेळू शकतो की नाही, किती करू शकतो" एवढं कोचला लागतं, बाकीचं खेळाडूच्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये. कोच दबाव आणणार, पालक आणणार, खेळाडू स्वतः सगळ्यात जास्त आणणार. आधीच, सीझन सुरू व्हायच्या आत, लेखी ठरवून घ्या की बाहेर बसवायचा शेवटचा शब्द कोणाचा.

सप्लिमेंट, पावडर, गोळी, साधी वेदनाशामकसुद्धा आपल्या हाताने देऊ नका. वाडाची (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची) बंदी असलेल्या पदार्थांची यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नवी लागू होते आणि शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची, कोणी दिलं याने फरक पडत नाही. डब्यावर न लिहिलेलं काहीतरी आत निघाल्याने करिअर गेलेले खेळाडू आहेत. विचारलं तर टीमच्या डॉक्टरकडे पाठवा.

पहिल्या मॅचला जाताना

बॅगेत ग्लोव्ह्ज, गॉज, बोथट टोकाची कात्री, कडक टेप आणि दाबाची बँडेजं दोन-तीन रुंदीची, वाकवता येणारं स्प्लिंट, पॉकेट मास्क (तोंडाने श्वास देताना वापरायचा), सीआरटी६ चं कार्ड, टॉर्च, वही आणि दोन पेनं, पोर्टेबल टेबल गाडीतच राहिलं तरी चालेल. अर्धा तास आधी पोचा. एईडी कुठे आहे ते स्वतः जाऊन बघा, कपाटाला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे ते विचारा. अँब्युलन्स कोणत्या गेटने आत येईल, ते गेट उघडं आहे का, जवळचं ट्रॉमा बघणारं हॉस्पिटल कोणतं, फोन कोण करणार आणि गेटवर जाऊन कोण उभं राहणार, हे एका कागदावर लिहा आणि दोन्ही टीमच्या लोकांना दाखवा. मॅच संपल्यावर ज्याला ज्याला बघितलं त्याची नोंद त्याच दिवशी करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या प्रत्येकाला फोन करून विचारा, सूज कशी आहे, झोप लागली का, डोकं दुखतंय का.